भावावाचून पाळलेला नेम



गेल्या वर्षी कार्तिकीच्या आधी परंड्याजवळच्या एका गावी माझे कीर्तन होते. भावावाचून वारी म्हणजे पायांची नुसती झीज, असे मी त्या रात्री ठासून बोललो. मंडळींनी माना डोलावल्या, मलाही बरे वाटले. सकाळी तिशीतला एक गडी आला. म्हणाला, "महाराज, बाप गेल्यापासून वारी करतो, एकादशी धरतो. पण देव आहे का नाही, मला खरंच ठाऊक नाही. बापानं घातली म्हणून माळ गळ्यात. तुम्ही म्हणता तसं असंल तर हा खोटेपणा कशाला?" आणि त्याने माळ काढून माझ्यापुढे ठेवली. मी दोन शब्द बोललो, ते त्याला पटले नाहीत. माळ माझ्या देवघरात राहिली. उठता-बसता दिसे.

गीतेच्या सतराव्या अध्यायाच्या शेवटी श्रद्धेवाचून केलेले कर्म असत् म्हटले आहे, तो माझा आधार. तो खोटा नाही. पण शंका जाईना. तेव्हा पूर्वी अलिबागेकडे कीर्तनास गेलो असता ऐकलेली एक हकीकत आठवली.

कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल नावाचे मराठी बोलणारे यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. नवगावापाशी गलबत फुटले, सात पुरुष व सात बायका वाचल्या, त्यांचा हा वंश, असे ते सांगतात. गावावरून आडनावे: किहीमकर, दिवेकर, पेणकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ गेले, भाषा गेली, 'शमा' नावाची एक प्रार्थना तेवढी मुखी राहिली. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तीच म्हणायची. आठव्या दिवशी मुलाची सुंता होई, आणि ज्या मासळीस खवले व पर नाहीत ती चुलीवर चढत नसे.

आणखी गंमत सणांची. त्यांच्या मोठ्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून उपवास करीत, त्याचे नाव 'दारफळणीचा सण'. जेरुसलेमच्या देवळाच्या नाशाचा उपवास 'बिरड्याचा रोजा' झाला, कारण तो वालाच्या बिरड्यावर सोडत. वल्हांडणाच्या सणाला आंबवलेले वर्ज्य असते. यांच्याकडे आंबटाचे भांडे झाकून ठेवायची चाल तेवढी उरली, म्हणून तो 'अनाशी ढाकायचा सण'. मिसर देशातून सुटका झाली ती घाईत, पीठ आंबवायला वेळ नव्हता, ही कथा विसरली होती. भांडे झाकणे विसरले नव्हते! (याच लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पुराणपुरुषांवर मराठीत कीर्तने लावली. आम्हां कीर्तनकारांना हे ऐकून संतोष व्हावा.)

पुढे दावीद राहबी नावाचा एक धर्मवेत्ता आला, अशी त्यांची परंपरा आहे. त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली. त्यांनी खवल्यापराची तेवढी वेगळी काढली. तेव्हा हे आपलेच लोक, असे जाणून त्याने तिघांना धर्म शिकवून काझी केले.

आता कारण ठाऊक नसताना पाळलेला हा नेम देवाच्या दरबारी रुजू होतो का? यहुदी शास्त्रात ६१३ आज्ञा मोजतात, आणि आज्ञा पाळताना मन लागते की नाही याचा तालमुद ग्रंथात फार बारीक खल आहे. नववर्षाच्या सणाला मेंढ्याचे शिंग फुंकतात, ते ऐकणे ही आज्ञा. एखाद्याचे घर प्रार्थनामंदिराशेजारी आहे, शिंगाचा आवाज कानी पडला, तर? मन तिकडे लावले असेल तर आज्ञा पाळली गेली, नाही तर नाही. पण कुणी जबरदस्तीने वल्हांडणाची बेखमिरी भाकर चारली तर? तीही आज्ञाच, आणि ती पाळली गेली, असा निर्णय. टीकाकार म्हणतात, खाल्लेले अंगी लागतेच. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी आपल्या धर्मसंहितेत, आज्ञेला संकल्प हवा, असा पक्ष घेतला.

संकल्प वेगळा, हेतू वेगळा. हेतू शुद्ध नसला तरी आज्ञा करीत राहा, करता करता तो शुद्ध होईल, असे तालमुदात एके ठिकाणी आहे. दुसऱ्या ठिकाणी मात्र, शुद्ध हेतूवाचून करणारा जन्मालाच न येता तर बरे, इतके कठोर वचन आहे! टीकाकारांनी मेळ घातला: मानासाठी करणारा चालेल, दुसऱ्याला हिणवण्यासाठी करणारा नको. हे वाचून मी जरा थबकलो. त्या रात्री व्यासपीठावरून मी काय केले होते?

आपल्याकडेही हा वाद जुनाच. जैमिनींच्या पूर्वमीमांसेला जगत्कर्ता ईश्वर लागत नाही, कुमारिलभट्टांनी त्याचे खंडनच केले; तरी अग्निहोत्र चुकवू देत नाहीत. उलट टोकाला भागवतातला अजामिळ. त्याने मुलाला हाक मारली, नारायणाचे स्मरण मनातही नव्हते, तरी दूत धावले. तेथे संकल्पही नाही! पण नामाचा महिमा वेगळा, त्यावरून सर्व नेमांचा निर्णय करता येत नाही.

तेल्यांचा दाखला या गड्याला पुरता लागू नाही, हे मी जाणतो. त्यांची देवावर श्रद्धा होती, कारण विसरले होते. याला कारण ठाऊक आहे, श्रद्धेचे खात्रीने सांगता येत नाही. बाराव्या शतकातले त्यांचे महापंडित मैमोनिदीस यांनी तर ईश्वराला जाणणे हीच पहिली आज्ञा ठरवली. त्यांना हा गडी पसंत पडला नसता. पण शिंगाचा आवाज सहज कानी पडलेला वाटसरूही तो नव्हे. वारी म्हणूनच तो चालतो, एकादशी म्हणूनच उपाशी राहतो. म्हणजे संकल्प आहे. हेतू बापाचा शब्द. त्यात कुणाला हिणवणे नाही. अडते ते श्रद्धेपाशी, आणि ती कुणाच्या हुकमाने येत नाही. राहबी आला तेव्हा घाणा शनिवारी बंद होता, भांडे झाकलेले होते, म्हणून अर्थ सांगायला जागा सापडली. ती चालच मोडली असती तर त्याने सांगायचे कुणाला?

शिवाय गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत पायरीपायरीने खाली उतरतात. चित्त ठरत नाही तर अभ्यास कर, तोही होत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर, तेही नसेल तर फळ सोड. मी सतरावा सांगितला आणि बारावा गिळला.

यंदा आषाढीला पैठणहून नाथांची पालखी परंड्यावर आली त्या दिवशी मी माळ घेऊन त्या गड्याकडे गेलो. चूक माझी, असे सांगितले. माळ त्याने घेतली नाही. म्हणाला, "एकादशी सोडली नाही महाराज, आईला बरं वाटत नाही. माळेचं बघू." मग घाईने उठला. ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडून ठेवली होती, दिंड्या वेशीत यायच्या आत त्याला रस्त्यावर पोहोचायचे होते.