विमान काकडीला उतरते, मुक्काम पुढे असतो

शिर्डीचे विमानतळ शिर्डीत नाही. ते कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या शिवारात आहे आणि शिर्डी राहाता तालुक्यात. मध्ये चौदा-पंधरा किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना शेते, वस्त्या, आणि अंधार पडल्यावर तुरळक वर्दळ. ज्याला नगर शहरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात मुक्कामाला यायचे आहे, त्याला त्यापुढे आणखी ऐंशीएक किलोमीटर. परराज्यातून तिकीट काढणाऱ्याच्या मनात मात्र एकच असते, उतरलो की पोहोचलो. या समजुतीची किंमत वयस्कर माणसांनी आणि लेकुरवाळ्या बायकांनी मोजलेली मी पाहिली आहे. म्हणून हे लिहितो आहे.

हे विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाले. साईबाबांच्या समाधीचे शताब्दी वर्ष तेव्हा सुरू होत होते, आणि विमानतळाचा पहिला हेतूही भाविकांची सोय हाच होता. पुण्या-मुंबईसारखी इथे दिवसभर विमानांची रांग नसते. मोजकीच विमाने येतात, त्यांच्या वेळाही हंगामागणिक बदलतात. अशा ठिकाणी दर अर्ध्या तासाला सुटणारी बस भरणार कशी? ती पोकळी खासगी गाड्यांनी भरून काढली. २०२५ पर्यंत इथे विमाने दिवसाउजेडीच उतरत. आता रात्रीही उतरू लागली. सोय वाढली हे खरेच, पण रात्री उतरणाऱ्या माणसाला पुढचा रस्ता अधिक अवघड झाला, हेही तितकेच खरे.

माझी थोरली बहीण आणि भाऊजी हैदराबादला असतात. ताईला गुडघ्यांचा त्रास. शिर्डीला एक मुक्काम, सकाळी दर्शन आणि मग नगरला सावेडीत आमच्या घरी, असा बेत होता. मी त्यांच्याबरोबरच होतो. विमान उशिरा सुटले, काकडीला उतरेपर्यंत अंधार पडला होता. सामान यायला वेळ लागला, ताईसाठी चाकांची खुर्ची मागवावी लागली, आणि एवढ्यात आमच्या विमानातले बहुतेक लोक निघून गेले.

लहान विमानतळावरची ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मोठ्या शहरात तासभर उशिरा बाहेर पडलात तरी गाड्या येतच असतात. इथे एका विमानाची माणसे अर्ध्या-पाऊण तासात पांगतात. हॉटेलांच्या गाड्या आपापली माणसे उचलतात, आधी ठरवलेल्या टॅक्स्या निघतात, आणि मग आवारात पुढच्या विमानापर्यंत शुकशुकाट. त्या वेळेला शिर्डीकडे जाणारे सार्वजनिक वाहन काही मिळेना. शहरातल्यासारखी फोनवरून बोलावलेली टॅक्सीही मिळेना. जो मागे राहतो त्याच्या हातात घासाघीस करण्याची ताकद उरत नाही. समोरचा सांगेल तो आकडा.

आम्हाला एक गाडी मिळाली. तीत आणखी एक तेलुगू कुटुंब, बरोबर तान्हे मूल. शिर्डी जवळ आल्यावर चालकाने गाडी हळू केली आणि एक तरुण पुढच्या आसनावर येऊन बसला. अत्यंत गोड बोलणे. आमच्या हॉटेलाचे नाव ऐकताच म्हणाला, ‘काका, तिथं काम चालू आहे, पाणी नाही. मी चांगली खोली देतो.’ मी तिथल्या तिथे हॉटेलला फोन लावला. खोली तयार होती, पाणीही होते. तरुण गप्प झाला, पण उतरला नाही. पुढे गाडी थांबली ती हार-प्रसादाच्या दुकानासमोर. दर्शनाला जायचे तर ताट इथूनच घ्यावे लागते, रात्री घेऊन ठेवा, सकाळी रांग लागणार नाही, असे त्याने त्या तेलुगू कुटुंबाला पटवले. भाषा येत नाही, मूल रडते आहे, सामान गाडीत अडकलेले. त्यांनी पैसे मोजले. किती मोजले ते पाहून ताईच्या डोळ्यांत पाणी आले.

शिर्डीत अशा माणसांना लटकू म्हणतात, पॉलिशवाले असेही म्हणतात. हार, ताट, खोली, शनी शिंगणापूरची गाडी, प्रत्येकात त्यांचे कमिशन ठरलेले असते. पोलीस कारवाई करतात, वर्तमानपत्रात बातम्या येतात, काही दिवसांनी पुन्हा तेच. मला संताप येतो तो पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा. आयुष्यभराची इच्छा घेऊन आलेल्या माणसाला आपल्या जिल्ह्याची पहिली ओळख अशी व्हावी, हे आपल्याला शोभत नाही. समाधी मंदिरातले दर्शन विनामूल्य आहे. ताट घेतलेच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. हे एक वाक्य त्या कुटुंबाला उतरण्याआधी कुणी सांगितले असते, तर त्यांचे पैसे वाचले असते.

आता जे येणार आहेत त्यांच्यासाठी. विमानाचे तिकीट काढण्याच्या आधी जमिनीवरचा शेवटचा टप्पा ठरवा. हॉटेलला फोन करून विचारा: तुमची गाडी विमानतळावर येते का, कुठल्या वेळेपर्यंत, किती घेता, आणि विमानाला उशीर झाला तर थांबते का? शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि नेमके तिथेच अडतात. उत्तर लेखी संदेशात मागून घ्या. साईबाबा संस्थानच्या भक्तनिवासात खोली घेणार असाल तर ती आधीच आरक्षित करा. भक्तनिवासांपासून मंदिरापर्यंत संस्थानच्या बस असतात, पण काकडीहून भक्तनिवासापर्यंतचा टप्पा तुमचा तुम्हालाच ठरवावा लागतो. त्या दिवशी विमानाच्या वेळेला बस आहे का, ही चौकशी शिर्डी बसस्थानकावर, शक्यतो आदल्या दिवशी करा. ऐकीव वेळापत्रकावर विसंबू नका. विमानाच्या वेळा बदलल्या की जमिनीवरच्या वेळाही हलतात.

उतरल्यावर बाहेर धाव घेऊ नका. आत टॅक्सीची खिडकी दिसली तर तिथेच दर विचारा, पावती घ्या, मग बाहेर पडा. तुमच्याच विमानातले कुणी शिर्डीला चालले असेल तर सामानाच्या पट्ट्याजवळच बोलून गाडी वाटून घ्या. ती वेळ सर्वांत सोयीची, कारण तेव्हा माणसेही असतात आणि गाड्याही. गाडीत बसण्याआधी हॉटेलचे नाव, रस्ता आणि एकूण भाडे मोठ्याने सांगा. पिंपळवाडी रस्त्यावरचे हॉटेल आणि नगर-मनमाड रस्त्यावरचे हॉटेल यांत पायी चालण्याचा मोठा फरक पडतो, आणि मंदिराच्या आसपास गर्दीच्या वेळी वाहने आत सोडत नाहीत. गुरुवारी पालखी असते. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याच्या पुण्यतिथी उत्सवाला तर रस्ते माणसांनी भरून जातात. त्या दिवसांत म्हातारी माणसे बरोबर असतील तर हॉटेल मंदिरापासून थोडे लांब पण मोठ्या रस्त्यालगत घ्या. गाडी दारापर्यंत येते. आणि वाटेत कुणी अनोळखी पुढे येऊन बसला तर चालकाला गाडी थांबवायला सांगा. हा तुमचा हक्क आहे, त्यात भिडस्तपणा करायचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिर्डी बसस्थानकावरून एसटीने नगरला आलो. तो प्रवास सुखाचा झाला. मालेगाव, धुळ्याकडून पुण्याला जाणाऱ्या अनेक गाड्या शिर्डीवरून नगरमार्गे जातात. त्यामुळे पाटीवर ‘पुणे’ दिसले तरी ‘मार्गे’ काय लिहिले आहे ते वाचा. पाट्या मराठीत असतात. तेलुगू, तमिळ पाहुण्यांना एका कागदावर ठळक अक्षरांत ‘नगर’ आणि ‘अहिल्यानगर’ दोन्ही लिहून द्या. शहराचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे बदलले, पण वाहकाच्या तोंडी ‘नगर’च असते, आणि जुन्या पाट्यांवर व फोनमधल्या नकाशांवर ‘अहमदनगर’ अजूनही दिसते. तिन्ही एकच आहेत हे पाहुण्याला ठाऊक हवे.

तिकिटाचेही सांगतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. महाराष्ट्रातल्या ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे भाडे. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. ताईला अर्ध्या तिकिटात बसायला मिळाले, आणि आदल्या रात्रीच्या गाडीभाड्याशी तुलना करून भाऊजी बराच वेळ हिशेब मांडत होते.

रस्त्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. राहाता, बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी, मग नगरची एमआयडीसी, असा हा नगर-मनमाड महामार्ग खड्ड्यांसाठी आणि रखडलेल्या कामांसाठी अनेक वर्षे गाजतो आहे. अवजड वाहने रात्रंदिवस. दोन तासांचा अंदाज धरून निघालेला माणूस तीन तासांनीही वाटेत असू शकतो. म्हणून नगरहून काकडीला विमान पकडायला जाणाऱ्यांनी अंतर न पाहता वेळेचा विचार करावा, आणि चांगली मोकळीक ठेवावी. नगरला उतरताना सावेडी, प्रोफेसर कॉलनी, पत्रकार चौक हा भाग आधी येतो. तुमचे हॉटेल त्या बाजूला असेल तर वाहकाला सांगून तिथेच उतरा. नगरला तारकपूर, माळीवाडा आणि पुणे बसस्थानक अशी तीन वेगळी स्थानके आहेत. ‘नगर बसस्टँडवर भेटू’ एवढे सांगून भागत नाही. कुठल्या स्थानकावर, ते आधी ठरवा.

एक पर्याय रेल्वेचाही आहे. दौंड-मनमाड मार्गावर कोपरगाव आणि नगर ही दोन्ही स्थानके आहेत, आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस, झेलम, कर्नाटक एक्स्प्रेस अशा गाड्या तिथून जातात. पण काकडीहून कोपरगाव स्थानक गाठायला पुन्हा गाडी लागतेच. वेळ जुळली तरच याचा विचार करावा. रेल्वे आणखी एका वेळी कामी येते. हिवाळ्यात किंवा ढगाळ हवेत दृश्यमानता कमी झाली की काकडीची विमाने रद्द होतात, कधी दुसऱ्या शहरात उतरवली जातात. विमान मुंबईला उतरले, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून साईनगर शिर्डीपर्यंत १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत धावते. साईनगर स्थानक शिर्डीतच आहे, तिथून मंदिराकडे रिक्षा मिळतात.

ज्यांचा मुक्काम शिर्डीत नाही, थेट नगर शहरात आहे, त्यांना माझा सल्ला वेगळा आहे. नकाशावर काकडी आपल्या जिल्ह्यात दिसते म्हणून भुलू नका. पुण्याला उतरा. तिथल्या लोहगाव विमानतळाहून नगर शंभर-एकशेदहा किलोमीटर, म्हणजे अंतर थोडे जास्तच. पण लोहगावच्या विमानतळावर पीएमपीची बस, रिक्षा, टॅक्सी मिळते, आणि रामवाडीचे मेट्रो स्थानक, जे ६ मार्च २०२४ ला सुरू झाले, नगर रस्त्यावरच आहे. खराडी बायपास किंवा वाघोली गाठली की नगर, छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या गाड्या सतत मिळतात, अगदी रात्री उशिरापर्यंत. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपे, केडगाव करत गाडी नगरला येते. सामान जड असेल, मुले असतील, तर वाघोलीच्या गर्दीत रस्त्यावर उभे राहण्यापेक्षा आधी जागा आरक्षित करून थांबा कुठला ते नक्की करून घ्या.

या रस्त्याचा एसटीशी जुना संबंध आहे. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरलाच आली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, एसटीची पहिली ‘शिवाई’ ही विजेवरची बसही पुणे-नगर याच मार्गावर धावली. ज्या शहराने दोन्ही वेळा पहिली गाडी पाहिली, त्याच जिल्ह्यात विमानातून उतरलेला माणूस रात्री मुक्कामाला कसे पोहोचायचे म्हणून भांबावतो, हे मनाला लागते.

हे बदलणे अशक्य नाही. प्रत्येक विमानाला जोडून एक बस हवी, आणि ती घड्याळाकडे न पाहता विमान उतरेपर्यंत थांबायला हवी. उरुस, यात्रा, पंढरीची वारी यांसाठी जादा गाड्या सोडणाऱ्या एसटीला एवढे नक्की जमेल. बाहेर पडण्याच्या दारावर मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ आणि इंग्रजीत मोठी पाटी लावावी: शिर्डी किती लांब, बस कुठून, भाडे किती, दर्शन विनामूल्य आहे, आणि त्रास झाला तर पोलिसांना फोन कुठला करायचा. या पाटीला फारसा खर्च नाही. राहाता, कोपरगाव आणि नगरच्या लोकप्रतिनिधींनी, हॉटेलवाल्यांनी आणि आपण रहिवाशांनीही हा आग्रह धरावा. ते होईपर्यंत, काकडीला उतरणाऱ्या आपल्या माणसाला घ्यायला स्वतः जा. जमत नसेल तर ओळखीची गाडी पाठवा, आणि चालकाचा फोन नंबर विमान सुटायच्या आधी त्याला कळवा.