थोड्या पैशांत सकस आहार

बाजारातील वस्तूची किंमत आणि तिचे पोषणमूल्य यांचा संबंध फारच दूरचा असतो. किंमत ठरते ती मागणी आणि पुरवठा, वाहतुकीचा खर्च, वेष्टन, जाहिरात आणि लोकांच्या मनातील प्रतिष्ठा यांवरून. शरीराला मात्र यांपैकी कशाशीच कर्तव्य नसते. सफरचंदात क जीवनसत्त्व नगण्य असते. तर गावोगावच्या बाजारात हंगामात टोपल्यांनी विकल्या जाणाऱ्या पेरूत ते १०० ग्रॅममागे सुमारे २०० मिलिग्रॅम असते. तरीही घरात कोणी आजारी पडले की ओढग्रस्तीचे कुटुंबसुद्धा पदरमोड करून सफरचंदच आणते. अशा समजुतींची किंमत श्रीमंत माणसाला जाणवत नाही. ज्याची मिळकत तुटपुंजी आहे त्याला ती दुहेरी भरावी लागते, एकदा पैशांत आणि दुसऱ्यांदा प्रकृतीत.

ही हानी किती व्यापक आहे याची कल्पना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाहणीवरून येते. तीनुसार भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हेच प्रमाण ६७ टक्के होते, आणि पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. याला केवळ अज्ञान कारणीभूत आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दारिद्र्य, दूषित पाणी आणि वारंवार होणारे आजार ही त्याची मोठी कारणे आहेत. परंतु हाती असलेल्या पैशांतून अधिकात अधिक पोषण कसे मिळवावे, हा प्रश्न कुटुंबाला स्वतः सोडवता येण्याजोगा आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पहिली गरज पोटभर अन्नाची

स्वस्त आहाराची चर्चा पुष्कळदा प्रथिनांपासून सुरू होते. वास्तविक आधी पाहावयाचे असते ते अन्नाचे एकूण प्रमाण. शरीराला ऊर्जा कमी पडली, तर ते खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. मग स्नायूंची वाढ आणि झीज भरून काढणे ही प्रथिनांची खरी कामे बाजूला राहतात. विख्यात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी हा मुद्दा आग्रहाने मांडला होता. तृणधान्य व डाळ यांचा रोजचा भारतीय आहार पुरेशा प्रमाणात मिळाला, तर बहुतेक प्रौढांची प्रथिनांची गरज त्यातूनच भागते. म्हणून उपाशी पोटी महागडी प्रथिनांची भुकटी घेणे म्हणजे चुलीत चंदन घालण्यासारखे आहे.

लहान मुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांचे पोट लहान असते आणि पातळ पेज किंवा भाताचे पाणी यांनी ते लवकर भरते. ऊर्जा मात्र थोडीच मिळते. अशा मुलांना दिवसातून पाच-सहा वेळा घट्ट, मऊ अन्न द्यावे आणि त्यात चमचाभर तेल, तूप किंवा दाण्याचे कूट मिसळावे. हा उपाय कोणत्याही डबाबंद शिशुआहारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

धान्य आणि त्याचा कोंडा

निसर्गाने धान्याच्या दाण्यातील ब जीवनसत्त्वे, लोह आणि तंतू यांचा मोठा भाग वरच्या पापुद्र्यात व अंकुरात साठवलेला असतो. गिरणीत पांढरेशुभ्र केलेल्या तांदळातून आणि मैद्यातून नेमका हाच भाग काढून टाकला जातो. म्हणजे गिऱ्हाईक पैसे अधिक मोजते आणि पोषण कमी घेते.

याचा धडा भारताला फार जुन्या काळी मिळाला आहे. थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा बेरीबेरी हा रोग आंध्रच्या किनारपट्टीवर, जेथे सडलेला कच्चा तांदूळ खाण्याची रीत होती तेथे, मोठ्या प्रमाणावर आढळे. याच रोगाच्या चौकशीसाठी १९१८ मध्ये नीलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एक लहानसे केंद्र सुरू केले. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही त्याच केंद्राची आजची अवस्था होय. उकडा तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत मात्र हा रोग क्वचितच दिसे. भात उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वे दाण्याच्या आत शिरतात आणि नंतर सडले तरी ती बरीचशी टिकून राहतात. बंगाल, केरळ, कोकण आणि गोवा येथील उकड्या तांदळामागे असे शहाणपण दडलेले आहे.

भरड धान्यांचे महत्त्वही येथेच लक्षात घ्यावे. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गाईच्या तेवढ्याच दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. बाजरीत लोह ६ ते ८ मिलिग्रॅम असते, तर सडलेल्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही नसते. धान्यांतील सर्वच खनिजे शरीरात शोषली जात नाहीत हे खरे. परंतु नाचणीला मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने ती अधिक उपलब्ध होतात. कर्नाटकातील नाचणीची मुद्दे, राजस्थान व गुजरातमधील बाजरीचा रोटला आणि महाराष्ट्रातील ज्वारीची भाकरी यांना गरिबाचे अन्न म्हणून हिणवले गेले, हे दुर्दैवच म्हणावे लागेल.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबांना दरमहा ३५ किलो धान्य मिळण्याची तरतूद आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत दिले जाऊ लागले. या धान्यामुळे वाचणारा पैसा कोठे जातो, यावर कुटुंबाचे पोषण बरेचसे अवलंबून राहते. तो डाळ, भाजी आणि तेल यांकडे वळला तर लाभ होतो. २०२२-२३ च्या राष्ट्रीय उपभोग-खर्च पाहणीत मात्र ग्रामीण कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी सुमारे साडेनऊ टक्के आणि शहरी कुटुंबांच्या खर्चापैकी साडेदहा टक्क्यांहून अधिक भाग पेये व तयार खाद्यपदार्थ यांवर जात असल्याचे दिसून आले.

रुपयामागे किती पोषण?

वस्तू स्वस्त की महाग हे किलोच्या भावावरून ठरवणे चुकीचे आहे. एका रुपयात कोणते पोषणद्रव्य किती मिळते, हे पाहिले पाहिजे. उदाहरणादाखल काही भाव गृहीत धरू. हरभरा ८० रुपये किलो असेल, तर किलोमागे किमान १७० ग्रॅम प्रथिने धरता रुपयाला दोन ग्रॅमहून अधिक प्रथिने पडतात. सात रुपयांच्या अंड्यात सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे रुपयाला एक ग्रॅमहून थोडी कमी. साठ रुपये लिटरच्या गाईच्या दुधात ती लिटरमागे सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे रुपयाला अर्धा ग्रॅम. दीडशे रुपये किलोच्या गोड बिस्किटांत किलोमागे सुमारे ६५ ग्रॅम, म्हणजे रुपयाला अर्धा ग्रॅमही नाही. भाव बदलतील, गावोगावी निरनिराळे असतील. परंतु हिशेबाची रीत बदलत नाही.

या हिशेबाला दोन पुरवण्या जोडाव्या लागतात. पहिली, टाकाऊ भागाची. मटाराच्या शेंगांत जवळजवळ निम्मे वजन टरफलांचे असते; म्हणून शेंगांचा भाव दुप्पट धरूनच दुसऱ्या भाजीशी तुलना करावी. दुसरी, पोषणाच्या गुणाची. दूध आणि अंडे यांतील प्रथिने अधिक चांगल्या प्रतीची असतात, आणि ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. त्यामुळे हरभरा स्वस्त पडतो म्हणून दूध अजिबात बंद करणे योग्य नव्हे. थोडे दूध वा ताक, किंवा चालत असल्यास आठवड्यातून काही अंडी वा लहान मासे आहारात असावेत. काट्यांसकट खाल्ले जाणारे लहान मासे आणि सुकट यांतून कॅल्शियमही मिळते.

धान्य व डाळ यांची जोडी

धान्यांतील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते. उलट डाळींत मेथिओनिन कमी पडते आणि ते धान्यांतून मिळते. चार-पाच भाग धान्याला एक भाग डाळ, या प्रमाणात दोन्ही एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. उत्तरेची खिचडी, दक्षिणेची इडली, पंजाबची मिस्सी रोटी आणि महाराष्ट्राचे वरण-भात ही सारी याच नियमाची उदाहरणे होत. बिहारमधील हरभऱ्याचे सत्तू तर इंधनाचीही बचत करते, कारण ते खाण्यापूर्वी शिजवावे लागत नाही.

अख्खी कडधान्ये पुष्कळदा डाळीपेक्षा स्वस्त मिळतात आणि त्यांना मोड आणता येतात. कोरड्या दाण्यात नसलेले क जीवनसत्त्व मोड आल्यावर तयार होते. भिजवलेले कडधान्य लवकर शिजते, ही बाबही सरपण वा गॅस विकत घेणाऱ्या कुटुंबाला महत्त्वाची आहे.

पालेभाज्या : सर्वांत स्वस्त औषध

माठ, राजगिरा, मेथी, अळू, शेवग्याचा पाला यांतून कॅरोटीन, लोह, फॉलिक आम्ल आणि कॅल्शियम मिळते. कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. त्याच्या अभावी मुलांना आधी रातांधळेपणा येतो आणि पुढे डोळे कायमचे जाऊ शकतात. या कारणाने होणारे अंधत्व टाळण्यासाठी भारत सरकारने १९७० मध्ये लहान मुलांना अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याची योजना सुरू केली. एरवी उकिरड्यावर जाणारा मुळ्याचा व फुलकोबीचा कोवळा पालाही या कामी येतो. कॅरोटीन शोषले जाण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणून भाजीला थोड्या तेलाची फोडणी अवश्य द्यावी. लोह अंगी लागावे यासाठी जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असावा आणि चहा जेवणाला लागून घेऊ नये.

भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, नंतर नव्हे. ती थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवावी आणि ते पाणी फेकू नये. संध्याकाळी बाजार उठताना भाजी स्वस्त मिळते. कोमेजल्यामुळे तिच्यातील क जीवनसत्त्व काहीसे घटलेले असते. परंतु खनिजे कायम असतात. सडलेला भाग नसेल, तर अशी खरेदी किफायतशीरच ठरते.

स्वस्ताई कोठे थांबवावी

काटकसरीला एक मर्यादा आहे. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृताचा रोग पसरला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. बुरशीतून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवण्याने नष्ट होत नाही. भुईमुगाच्या शेंगांनाही हाच धोका असतो. म्हणून काळपट, कुबट वास येणारे दाणे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत, आणि धान्य चांगले वाळवून कोरड्या डब्यात, जमिनीपासून उंचावर ठेवावे. लाखेची डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय कायमचे लुळे पडतात. मध्य भारतात दुष्काळाच्या वर्षांत हा रोग अनेकांना जडला. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने अनेकांचे प्राण घेतले. सुट्या तेलात दोन पैसे वाचवताना याचे स्मरण ठेवावे.

ताटापर्यंतचा प्रवास

बाजारातून योग्य अन्न आणले म्हणजे काम संपले असे नाही. भारतातील असंख्य घरांत पुरुष व मुले यांची जेवणे आटोपल्यावर गृहिणी जेवते, आणि तोवर भांड्यात डाळीचे पाणी तेवढे उरलेले असते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची गरज इतरांहून अधिक असते, आणि तिच्याच वाट्याला सर्वांत कमी येते. रक्तक्षयाचे जे आकडे प्रारंभी पाहिले, त्यांत या रीतीचाही वाटा आहे. ही रीत बदलायला एक पैसाही लागत नाही. सर्वांनी एकत्र बसावे, डाळ व भाजी ढवळून सारखी वाढावी आणि मुलीच्या ताटात मुलाच्या बरोबरीने पडेल असे पाहावे, एवढे पुरे.

धान्य न सडलेले, त्याच्या जोडीला डाळ, रोज एक पालेभाजी, हंगामाचे फळ, थोडे तेल आणि जमेल तितके दूध, अंडे वा मासे : अल्प उत्पन्नातील सकस आहाराचा आराखडा एवढाच आहे. ज्या घरी एवढेही विकत घेण्याची ऐपत नाही, तेथे उपदेश अपुरा पडतो. तेथे रास्त मजुरी, शिधावाटप, अंगणवाडी आणि शाळेतील भोजन यांनीच मदतीला आले पाहिजे. परंतु जेथे थोडी तरी निवड करता येते, तेथे ती जाणून केलेली असावी. बाजारातील पिशवी घरी येते तेव्हा तिच्यात मुलांची पुढील वर्षांची वाढही असते.