कोंबडीच्या पिलांना जस्त हवे

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याला जस्ताची ओळख प्रथम शेतात होते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त असूनही ते पिकाला पुरेसे लागू होत नाही. म्हणून झिंक सल्फेटची पिशवी आणावी लागते. कोंबडीच्या पिलाच्या पोटात जवळजवळ असेच घडते.

या भागात सोयाबीन मुबलक पिकते. साहजिकच पिलांचे खाद्य मका व सोयाबीन पेंड यांवर बेतले जाते. पेंडीतील प्रथिने उत्तम; परंतु तिच्यातील फायटिक आम्ल जस्ताला बांधून ठेवते व असे जस्त विष्ठेवाटे निघून जाते. अमेरिकेतील ओडेल, न्यूबर्न व सॅव्हेज या संशोधकांनी १९५८ साली वाढत्या पिलांना जस्त किती आवश्यक आहे हे दाखवून दिले. कच्चे सोयाबीन भाजल्याने त्यातील पचनाला बाधक द्रव्य नाहीसे होते; फायटिक आम्ल मात्र बरेचसे टिकून राहते.

पिलांच्या एक किलो खाद्यात किमान ४० मिलिग्रॅम जस्त असावे. मका व पेंड यांच्या मिश्रणात ते सुमारे २५ ते ३० मिलिग्रॅमच भरते आणि तेही सर्व अंगी लागत नाही. मग वाढ खुंटते, पिसे विरळ व झिजल्यासारखी दिसतात, पायांची कातडी खवलेदार होते, हाडे आखूड व जाड होऊन सांधा सुजतो. मँगनीजच्या अभावी पायाची शीर सांध्यावरून सरकते व पाय बाजूला वळतो. तो विकार वेगळा.

पिलू लंगडू लागले की घरोघरी एकच उपाय सुचतो : शिंपल्यांचा चुरा किंवा अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य. हे घातक आहे. लहान पिलांना खाद्यात सुमारे एक टक्का कॅल्शियम पुरते, तर अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात ते तीन टक्क्यांहून अधिक असते. जादा कॅल्शियममुळे फायटिक आम्लाची जस्तावरील पकड अधिकच घट्ट होते आणि पिलांची मूत्रपिंडेही बिघडतात. म्हणजे औषध म्हणून दिले तेच दुखणे वाढविते.

घरी खाद्य बनविणाऱ्यांनी कोंबड्यांसाठीचे खनिज मिश्रण वापरावे. गाईम्हशींचे चालत नाही. ते न मिळाल्यास १०० किलो खाद्यात, ३५ टक्के जस्त असलेले, पशुखाद्याच्या प्रतीचे झिंक सल्फेट ११ ते १२ ग्रॅम घालावे. प्रथम ते एक किलो भरड्यात, मग दहा किलोत व शेवटी सर्व खाद्यात मिसळावे, म्हणजे ते सारखे पसरते. शेतासाठी आणलेले झिंक सल्फेट मात्र कदापि वापरू नये. त्यात शिसे वा कॅडमियम असण्याचा संभव असतो. कारखान्यातील तयार खाद्यात बहुधा जस्त घातलेले असते, तेव्हा पिशवीवरील मजकूर वाचल्याशिवाय त्यात भर घालू नये.

वाकडी झालेली हाडे यानंतर सरळ होत नाहीत. म्हणून पहिल्या आठवड्यातच पायांकडे लक्ष ठेवावे आणि दोनचार पिले लंगडताना दिसताच, ती पिले व खाद्याचा नमुना घेऊन जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.