जीपगाडीचे शॉक व टायर : निवड कशी करावी?

पावसाळ्यांत डोंगराकडील वाड्यांवरून शाळेस येणारीं कित्येक मुलें जीपगाडींतून येतात. डांबरी रस्ता संपतो तेथून या गाडीच्या खऱ्या कामास आरंभ होतो : ओढा, चिखल, जांभ्याचे उंचवटे आणि मग पुन्हा घाटाचा ओला रस्ता. अशाच एका गाडीचे मालक, जे आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आहेत, पालकसभेनंतर आम्हांस म्हणाले, "सर, टायर गेलेत, शॉकही गेलेत. दोन्ही एकदम घेण्याइतके पैसे हातांत नाहींत. आधीं काय घेऊं?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्या गाडींत रोज शाळेचीं मुलें बसतात, हें ध्यानांत घेतल्यास त्याचें उत्तर अंदाजानें देतां येणार नाहीं.

प्रथम शॉक म्हणजे काय तें पाहूं. त्याचें पूर्ण नांव शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे धक्का शोषून घेणारा. या नांवानेंच पुष्कळांचा गैरसमज होतो. गाडीचें ओझें शॉक वाहतो असें त्यांस वाटतें. वस्तुतः ओझें वाहते ती स्प्रिंग. जीपेच्या मागल्या बाजूस बहुधा पोलादी पट्ट्यांचे पाटे असतात, तेही स्प्रिंगच होत. धक्का बसला कीं स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते. विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत एखाद्या स्प्रिंगेस वजन टांगून तें जरा खालीं ओढून सोडावें. तें कितीतरी वेळ वरखालीं होत राहील. मग तेंच वजन पाण्यानें भरलेल्या चंचुपात्रांत बुडेल असें टांगून सोडावें. तें लौकर स्थिर होईल. पाण्यानें येथें जें केलें तेंच काम गाडींत शॉक करतो. तो निकामी झाला म्हणजे प्रत्येक खड्ड्यानंतर चाक उसळत राहतें. आणि जें चाक जमिनीस नीट टेकलेलें नाहीं, त्यास ब्रेक लावून उपयोग काय? शॉक ही केवळ बसणाऱ्याच्या सुखाची वस्तु आहे असें समजून हा खर्च वर्षानुवर्षें पुढें ढकलणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं एवढा एक प्रयोग करून पाहावा.

शॉकच्या नळींत तेल असतें व त्यांतून एक दट्ट्या सरकतो. दट्ट्यास बारीक छिद्रें व झडपा असतात. तेलास त्यांतून वाट काढावी लागते, आणि ती काढतांना गतीच्या शक्तीचें उष्णतेंत रूपांतर होतें. खडबडीत वाटेवर बराच वेळ चाललेल्या गाडीचा शॉक हातास चटका बसेल इतका तापतो. तेल फार घुसळलें गेलें कीं त्यांत वायु मिसळून फेंस होतो, आणि फेंसांतून दट्ट्या फारशा अडथळ्यावांचून सरकूं लागतो. म्हणजे ज्या वाटेवर शॉकची सर्वांत अधिक गरज, तेथेंच तो हात टेकतो. यावर उपाय म्हणून दाबानें नायट्रोजन वायु भरलेले शॉक निघाले. त्यांत दोन मुख्य जाती आहेत. एका जातींत नळीच्या आंत दुसरी नळी असते; दुसरींत एकच नळी. एकनळी शॉक लौकर निवतो हें खरें. परंतु दगड लागून त्याच्या नळीस पोंचा पडला तर दट्ट्या तेथेंच अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकची बाहेरची नळी थोडी चेपली तरी काम बहुधा चालू राहतें, शिवाय तो स्वस्तही असतो. वाडी ते शाळा अशा फेऱ्यांसाठीं आम्ही वायु भरलेला दोन नळ्यांचा शॉकच पसंत करूं. बाजूस निराळी टाकी जोडलेले, झगमगीत रंगांचे, महागडे शॉक वाळवंटांतून तासन्‌तास भरधांव जाणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांस शोभतात.

रंगापेक्षां लांबी पाहावी. शॉकच्या लांब्या दोन : पूर्ण ताणलेल्या स्थितींतील व पूर्ण मिटलेल्या स्थितींतील. चाक खड्ड्यावर लोंबतें तेव्हां शॉक आंखूड पडला, तर त्या लोंबत्या चाकाचा सारा हिसका शॉकच्या कडीवर येतो व ती तुटते. उलट तो लांब असला, तर चाक वर दबतांना गाडीचा रबरी ठोकळा टेकण्यापूर्वींच शॉकचा तळ लागतो. जाड पाटे घालून गाडी उंच केलेली असल्यास मूळ मापाचा शॉक डोळे झांकून घेऊं नये. गाडी प्रत्यक्ष मोजावी. आणि एका आंसावरील दोन्ही शॉक एकदमच बदलावे. एक नवा व एक जुना अशी जोडी असली कीं गाडी एका बाजूस नीट सांवरते, दुसऱ्या बाजूस नाहीं.

आतां टायर. बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप यांनीं १८८८ सालीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेचा टायर बनविला. टायर हीही एक स्प्रिंगच, पण हवेची. शॉकचा व टायरचा विचार एकत्र करावयाचा तो यामुळेंच.

टायरच्या नक्षीचे ढोबळ मानानें तीन प्रकार आहेत : डांबरी रस्त्याची बारीक नक्षी, चिखलाची मोठ्या ठोकळ्यांची व रुंद खांचांची नक्षी, आणि दोहोंमधील मिश्र नक्षी. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातींत बारीक नक्षीच्या खांचा क्षणांत भरून जातात व टायर गुळगुळीत गोळा होतो. तेथें रुंद खांचा हव्यात, म्हणजे फिरतां फिरतां माती झडून जाते. कोंकणांत जांभ्याच्या धारदार कडा टायरची कूस कापतात. तेथें नक्षीपेक्षां कुशीची बळकटी महत्त्वाची. घाटाच्या ओल्या डांबरावर मात्र चिखलाचा टायर धोक्याचा ठरतो. त्याचे थोडेच ठोकळे रस्त्यास लागतात, आणि ब्रेक लावल्यावर गाडी अधिक अंतर घसरत जाते. तरुणांस हाच टायर आवडतो, कारण तो दिसावयास रुबाबदार. ज्या गाडीचा बहुतेक प्रवास डांबरावर व थोडाच चिखलांत होतो, तिला मिश्र नक्षीचाच टायर घ्यावा असें आमचें स्पष्ट मत आहे.

मोठा टायर घातला कीं गाडी उंच होते, ही दुसरी आवड. येथें गणित उपयोगी पडतें. बोलेरो गाडीस सामान्यतः २१५/७५ आर १५ हा टायर असतो. २१५ ही मिलिमीटरांत रुंदी. ७५ म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या शेंकडा ७५, अर्थात् १६१.२५ मि. मी.; १५ हा रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ३८१ मि. मी. तेव्हां टायरचा एकूण व्यास ३८१ + ३२२.५ = ७०३.५ मि. मी. याऐवजीं २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३.५ मि. मी. होतो. वाढ ३० मि. मी.; पण आंस जमिनीपासून उंचावतो तो याच्या निम्मा, म्हणजे अवघा १५ मि. मी. एवढ्या उंचीसाठीं काय द्यावें लागतें? वेगदर्शक मूळचा बरोबर असल्यास आतां तो ६० दाखवील तेव्हां गाडी सुमारें ६२.५ किलोमीटर वेगानें जात असेल. चढावर इंजिनाचा व उतारावर ब्रेकचा जोर शेंकडा ४ नीं उणा पडेल. चाक जड झाल्यामुळें तें उसळल्यावर आंवरण्याचें शॉकचें कामही वाढेल.

चारही चाकांस जोर पोंचविणाऱ्या गाडींत सर्व टायर एका मापाचे असणें आणखीच अगत्याचें. लहान टायर एका किलोमीटरांत सुमारें ४५२ फेरे घेतो व मोठा ४३४. पुष्कळ जुन्या जीपांत चारचाकी जोर लावल्यावर पुढील व मागील दांडे एकमेकांस जखडले जातात. तेथें दर किलोमीटरास हा १८ फेऱ्यांचा फरक कोठें जाणार? चिखलांत चाक घसरून तो भरून निघतो. कठीण रस्त्यावर दांत्यांवर ताण पडतो. म्हणून स्टेपनीही त्याच मापाची ठेवावी.

टायरच्या कुशीवर आणखी दोन गोष्टी वाचाव्या. मापापुढें भाराचा अंक असतो : ९७ म्हणजे एका टायरवर ७३० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या अंकाहून कमी अंकाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. दुसरी गोष्ट चार आंकडी तारीख. ३५२३ असें असल्यास तो टायर २०२३ सालच्या ३५ व्या आठवड्यांत झालेला. दुकानांत वर्षानुवर्षें पडलेलें रबर वापरल्यावांचूनही कडक होतें.

आतां आधीं काय घ्यावें? आमचें उत्तर असें कीं, जुन्या टायरवरून हात फिरवून पाहावा. नक्षीच्या खांचांमध्यें १.६ मि. मी. उंचीच्या लहान आडपट्ट्या असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीस आला असेल, किंवा कुशीस चीर अथवा फुगवटा असेल, तर टायरचा खर्च एक दिवसही थांबवूं नये. नक्षी अजून शिल्लक असून टायरच्या परिघावर ठिकठिकाणीं वाटीसारखे खळगे पडले असतील, तर बहुधा शॉक मेलेला आहे. त्याच्या दांड्याजवळ तेल ओघळलेलें दिसल्यास संशय उरत नाहीं. अशा गाडीस नवे टायर आधीं घातले तर तेही त्याच रीतीनें खाल्ले जातील. म्हणून तेथें शॉकची जोडी आधीं. दोन्ही गेलीं असतील तर महागडे चार टायर घेण्याऐवजीं साधे टायर व साधे शॉक यांत पैसा वांटावा, आणि तो जमेपर्यंत त्या गाडींतून घाटांत मुलें नेऊं नयेत. त्या गृहस्थांसही आम्हीं हेंच सांगितलें. त्यांच्या मागल्या टायरांवर खळगे होते, नक्षी मात्र पुरेशी होती.

दोनच टायर नवे घेतले तर ते मागें घालावे. पुढें घालण्याची चाल फार आहे. परंतु ओल्या वळणावर मागलीं चाकें घसरलीं तर गाडी फिरते, आणि ती सांवरणें पुढचीं घसरण्यापेक्षां कितीतरी कठीण असतें. शॉक बसवितांना रबरी बुश असलेल्या कडीचे नट गाडी जॅकवर टांगलेली असतांना पुरे आवळूं नयेत. चाकें जमिनीवर टेकून गाडीचा भार स्प्रिंगांवर आल्यावर आवळावे, नाहींतर रबर कायमचें पिळलेलें राहून लौकर फाटतें. चाकांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरांच्या आंत पुन्हा एकदां तपासावे, आणि हवेचा दाब सकाळीं, गाडी निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांना मोजावा.