कापसाचा भाव, कापडाचा भाव

परवा वर्गात एका मावशींनी विचारले, "गुरुजी, काही देश एवढे श्रीमंत, नि काही एवढे गरीब, असं का हो?" मागून कुणीतरी म्हणाले, "नशीब! दुसरं काय?"

मंडळी, नशिबाचा हिशोब कुणाला लागत नाही. कापसाचा मात्र लागतो. तो आज आपण लावून पाहू.

आपले पनवेल पूर्वी मोठे बंदर होते. देशावरचा माल बोरघाट उतरून इथे येई. आधी तो बैलांच्या पाठीवरून येई. १८३० साली घाटात रस्ता झाला, मग गाड्या उतरू लागल्या. पनवेलला माल मचव्यात चढे आणि खाडीने मुंबईला जाई. त्यात कापूसही असे. मुंबईहून कापूस मोठ्या जहाजाने विलायतेला जाई. तिथे मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांत त्याचे सूत होई, सुताचे कापड होई. मग ते कापड जहाजात बसून परत आपल्याकडे येई. आपला शेतकरी ते पैसे मोजून विकत घेई.

आता बोटे मोजा. शेतकऱ्याला पैसे मिळाले ते कापसाचे. पण कताई, विणाई, रंगाई, जहाजाचे भाडे, व्यापाऱ्याचा नफा, हे सारे गेले समुद्रापलीकडे. कापूस आपला, कापड ल्यायचे ते अंगही आपले, आणि मधली कमाई दुसऱ्याची!

पूर्वी असे नव्हते बरं का. तीनशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानचे कापड दूरदूरच्या देशांत खपत होते. इंग्लंडात त्याची इतकी आवड वाढली की तिथले विणकर चिडले. तेव्हा १७०० साली आणि पुन्हा १७२१ साली त्यांच्या पार्लमेंटने कायदे करून छापील सुती कापडाला अटकाव केला. पुढे तिकडे सूत कातायची यंत्रे निघाली. जमिनीत दगडी कोळसा भरपूर होता, त्यावर वाफेची यंत्रे चालली. अमेरिकेत गुलामांकडून पिकवलेला कापूस स्वस्तात मिळाला. यंत्रे शोधणारे हुशार होते, हे आपण मोकळेपणी म्हणावे. पण पुढे आपल्यावर राज्यही त्यांचेच आले. ज्याचा माल, त्याचाच कायदा. मग आपल्या विणकराने दाद मागावी कुणाकडे? कित्येकांचे माग बंद पडले. ते दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेले.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढण्याचे काम हाती घेतले. हळूहळू गिरण्या वाढल्या. हे तिकडच्या गिरणीमालकांना खुपले. सरकारने १८९६ साली इथल्या गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन कर बसवला. विलायती कापडावर तेवढीच जकात होती. घरच्या मालाला घरातच सवलत नको, असा हा न्याय! तो कर उठायला १९२६ साल उजाडले.

दादाभाई नौरोजी यांनी १८७६ साली हिशोब मांडला. हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला २० रुपये! आणि इथल्या करातला पैसा पगार, पेन्शने यांच्या रूपाने विलायतेला जात होता. मॅडिसन नावाच्या अर्थतज्ज्ञांचाही एक अंदाज आहे. जगाच्या उत्पन्नाचे शंभर वाटे केले, तर १७०० साली त्यातले सुमारे २४ वाटे हिंदुस्थानचे होते. १९५० साली उरले सुमारे ४. दुसरे देश यंत्रांच्या बळावर झपाट्याने पुढे गेले आणि आपण जागीच राहिलो, म्हणून आपला वाटा एवढा घटला.

पण सगळा दोष साहेबाच्या माथी मारून मोकळे होऊ नका. विद्या आपणच मूठभर घरांत कोंडून ठेवली होती. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तर लोक त्यांच्यावर उलटले. जपानही तेव्हा फारसा श्रीमंत नव्हता. पण तिथे राज्य त्यांचे स्वतःचे होते. १८७२ साली त्यांनी प्रत्येक मुलामुलीने शाळेत जावे असे ठरवले. यंत्रे बाहेरून आणली, नि ती चालवायला आपली माणसे शिकवली.

आता आपल्या दारात येऊ. १९७० नंतर नवी मुंबई वसवण्यासाठी आपल्या भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. शेतकऱ्याला मिळाला तो शेताचा भाव. त्याच जमिनीवर रस्ते, नळ, इमारती आल्या आणि भाव चौरस फुटावर गेला. म्हणजे इथेही आपण कापूसच विकला! शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत जासई भागात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपाने परत मिळण्याची वाट झाली. त्यातही काही घरांनी भूखंड हाती पडण्याआधीच कागदावर अंगठा उठवला. कागदात काय लिहिले आहे, ते दुसऱ्याने वाचून दाखवले तेवढेच त्यांना कळले.

उद्या येताना घरातल्या पेटीतला जमिनीचा जुना कागद घेऊन या. सात-बारा असो, मोबदल्याची नोटीस असो, नाहीतर करारनामा. आधी त्यातला आकडा शोधू. मग खालची बारीक अक्षरे वाचू.