ग्रीन कार्डची रांग : फॉर्म भरण्याआधीचं गणित

आपल्या कॉलेजमध्ये टी.ई. सुरू झालं की वर्गाचे सरळ दोन गट पडतात. एक कॅम्पस आणि 'गेट'वाला, दुसरा जीआरईवाला. दुसऱ्या गटाला युनिव्हर्सिटीचं रँकिंग, फी, बँकेचा व्याजदर, कुठल्या राज्यात किती बर्फ पडतो, सगळं तोंडपाठ असतं. पण "तिथे कायमचं राहायचं ठरवलंस तर पुढे काय?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "अगं, एच-वन झाला की पाच-सहा वर्षांत ग्रीन कार्ड होऊनच जातं!"

हे वाक्य आपल्या काका-मामांच्या पिढीकडून आलंय. त्यांच्या वेळी ते बरंचसं खरंही असेल. 'ही श्रींची इच्छा' हे पुस्तक तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. त्याचे लेखक श्री ठाणेदार बेळगावात वाढले, १९७९ साली अमेरिकेत शिकायला गेले आणि १९८८ मध्ये तिथले नागरिक झाले. म्हणजे नऊ वर्षं. पुढे २०२२ मध्ये ते मिशिगनमधून अमेरिकन काँग्रेसवर निवडूनही आले. आज भारतात जन्मलेल्या इंजिनिअरने नोकरीच्या मार्गाने हाच प्रवास करायचा म्हटला, तर नऊ वर्षांत तो पहिल्या टप्प्यालाही पोचेल याची खात्री नाही. असं का, ते समजावून सांगण्यासाठी हा लेख.

आधी तीन शब्द

आपण व्हिसा, पीआर आणि सिटिझनशिप हे शब्द मिसळ-पावासारखे एकत्र खातो. ते वेगवेगळे आहेत.

व्हिसा म्हणजे ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपुरतं येण्याची परवानगी. पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क. अमेरिकेत त्यालाच ग्रीन कार्ड म्हणतात. ते असलं की कोणत्याही कंपनीत काम करा किंवा घरी बसा, देश सोडावा लागत नाही. मात्र राष्ट्रीय निवडणुकीत मत देता येत नाही आणि पासपोर्ट भारताचाच राहतो. नागरिकत्व ही शेवटची पायरी. तिथे मत, पासपोर्ट, सगळं बदलतं.

पायऱ्या कोणत्या?

१) एफ-१ व्हिसावर एम.एस.

२) त्यानंतर ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी संबंधित काम करायची १२ महिन्यांची परवानगी. आपण इंजिनिअरिंगवाले असल्यामुळे त्यात आणखी २४ महिने वाढवून मिळू शकतात.

३) एच-१बी. खाजगी कंपन्यांसाठी वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे २०,०००. अर्ज जास्त आले की निवड होते. मुदत साधारणपणे सहा वर्षं.

४) पर्म. इथे कंपनीला जाहिरात देऊन कामगार खात्याला दाखवावं लागतं की या जागेसाठी योग्य आणि तयार असा अमेरिकन उमेदवार मिळाला नाही. पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती तुमची 'प्रायॉरिटी डेट'. ही तारीख म्हणजे तुमचा रांगेतला नंबर.

५) आय-१४० हा कंपनीचा अर्ज.

६) नंबर आला की आय-४८५ हा तुमचा स्वतःचा अर्ज, आणि मग ग्रीन कार्ड.

७) ग्रीन कार्डनंतर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा, शपथ, संपलं.

कागदावर हे सात टप्पे सोपे वाटतात. सगळी गोम पाचव्या आणि सहाव्या पायरीच्या मध्ये आहे.

सात टक्क्यांचा नियम

थोडा इतिहास बघू. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. १९४६ मध्ये कायदा बदलला आणि वर्षाला अवघ्या १०० भारतीयांना जागा मिळाली. १९६५ च्या कायद्याने वंश आणि देश बघून कोटा ठरवण्याची पद्धत बंद केली. सगळ्या देशांना सारखी मर्यादा आली. त्या वेळी हा न्यायच होता.

१९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० ठरवली आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण ७ टक्केच, म्हणजे ९,८००. भारताला ७ टक्के आणि आइसलँडलाही ७ टक्केच! शिवाय इथे जन्माचा देश मोजतात, पासपोर्टचा नाही. त्यामुळे उद्या कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तरी पुण्यात जन्मलेला माणूस भारताच्याच रांगेत उभा राहतो. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, तरच त्या देशाच्या रांगेत जाता येतं.

आता कॅल्क्युलेटर काढा. एम.एस. केलेले बहुतेक जण ईबी-२ या गटात येतात. या गटाचा वाटा २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४०. त्याचे ७ टक्के केले की सुमारे २,८००. यात बायको किंवा नवरा आणि मुलंही मोजतात. तिघांचं कुटुंब धरलं तर वर्षाला साधारण ९३० इंजिनिअर! इतर देशांची कार्डं उरली तर ती रांगेत पुढे असलेल्यांना मिळतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा काही वर्षी जास्त असतो. पण दुसऱ्या बाजूला दरवर्षी जे ८५,००० नवे एच-१बी दिले जातात, त्यातले निम्म्याहून बरेच जास्त भारतीय असतात.

कॉम्प्युटर नेटवर्क्समध्ये आपण शिकतो की पॅकेट येण्याचा वेग बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की क्यू वाढतच जातो. इथे तेच झालंय. तुमची हुशारी तुम्हाला क्यूमध्ये प्रवेश मिळवून देते, पण तो पुढे किती वेगाने सरकेल हे जन्मस्थळ ठरवतं.

रांग मागेही जाते

अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढतं. कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर आला, ते त्यात असतं. ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये ईबी-२ साठी भारताची तारीख होती १ एप्रिल २०१३. बहुतेक इतर देशांसाठी हीच तारीख होती १ डिसेंबर २०२३. म्हणजे एकाच वर्गातून पास झालेले, एकाच कंपनीत शेजारी बसणारे दोघे, आणि त्यांच्यात दहा वर्षांचं अंतर!

वर ही तारीख उलटीही फिरते. कोविडच्या काळात कुटुंब गटातली न वापरलेली कार्डं नोकरी गटाकडे आली, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये भारताची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत गेली होती. पुढच्याच महिन्यात ती १ एप्रिल २०१२ वर आली. दारापर्यंत पोचलेल्यांना पुन्हा मागे पाठवलं.

रांगेत उभं असताना

मधल्या काळात माणसं करतात काय? २००० सालच्या एका कायद्यामुळे, आय-१४० मंजूर असेल तर सहा वर्षांनंतरही एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढवून घेता येतो. नोकरी बदलली तरी जुनी प्रायॉरिटी डेट सहसा टिकते, पण नव्या कंपनीत पर्म पुन्हा करावं लागतं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. घर घेतलेलं असो, मुलांची शाळा चालू असो, साठ म्हणजे साठ.

माझा आत्येभाऊ न्यू जर्सीत आहे. त्याची प्रायॉरिटी डेट २०१६ ची. मोठी मुलगी २००९ मध्ये पुण्यात जन्मली, धाकटा २०१७ मध्ये तिकडे. धाकटा जन्मापासून अमेरिकन नागरिक. मोठी मात्र दादाच्या अर्जावर अवलंबून आहे, आणि २०३० मध्ये ती २१ वर्षांची होईल. २१ पूर्ण झाले की ती कायद्याने 'मूल' राहत नाही. २००२ च्या एका कायद्याने वयातून काही काळ वजा होतो, पण तो आय-१४० प्रलंबित असल्याचा काळ, रांगेतली वर्षं नव्हेत. तोपर्यंत नंबर लागला नाही तर चौथ्या वर्षापासून तिथे वाढलेल्या या मुलीला, तिथेच राहायला, परदेशी विद्यार्थिनीचा व्हिसा घ्यावा लागेल. वहिनी म्हणते, "आम्ही वाढदिवस साजरे करत नाही गं, मोजतो."

कायदा बदलेल का?

प्रयत्न झाले. देशाची मर्यादा काढण्याचं बिल जुलै २०१९ मध्ये हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर भरण्याची अट घालणारा जाहीरनामा राष्ट्राध्यक्षांनी काढला. अटी कडक करायला एक सही पुरते, पण ७ टक्के हटवायला दोन्ही सभागृहं लागतात.

दुसरे रस्ते

कॅनडात जानेवारी २०१५ पासून 'एक्स्प्रेस एंट्री' आहे. वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना गुण असतात, जन्माच्या देशाचा कोटा नाही. पीआरनंतर पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथे राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण तिथेही सगळं आलबेल नाही. २०२४ मध्ये ४,८५,००० असलेलं पीआरचं लक्ष्य २०२५ साठी ३,९५,००० वर आणलं गेलं. जर्मनीत ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी, आणि बी-१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी, कायम वास्तव्य मिळू शकतं. जून २०२४ पासून नागरिकत्वाची अट आठ वर्षांवरून पाचवर आली. जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, आपल्याला नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. मग उरतं ओसीआय कार्ड. त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांच्या घरी गावाकडे जमीन आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग जायचं की नाही?

ते ज्याचं त्याने ठरवावं. मी स्वतः फॉर्म भरणार आहे, कारण मला ज्या विषयात शिकायचंय त्याची लॅब तिथे आहे. पण माझ्या हिशोबात ग्रीन कार्ड धरलेलं नाही. लोन किती वर्षांत फिटेल, हे मी फक्त ओपीटीच्या तीन वर्षांवर मांडून बघितलंय. त्यानंतर परत यावं लागलं तरी चालेल का, हा प्रश्न घरच्यांसमोर आत्ताच ठेवलाय.

तुम्हीही एवढं करा. बाबा लोनच्या कागदावर गॅरंटर म्हणून सही करतील, त्याआधी त्यांना पायऱ्या सातही सांगा, पहिल्या तीनच नकोत. शिक्षणासाठी जा, कामासाठी जा, जग बघायला जा. फक्त 'होऊनच जातं' या वाक्यावर वीस-तीस लाखांचं कर्ज काढू नका.

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार