'कुदासाइ' म्हणजे 'प्लीज' नव्हे! जपानीत विनंती करायच्या तीन पायऱ्या



जपानी शिकायला लागलं की 'कुदासाइ' हा शब्द लगेच भेटतो. बहुतेक जण वहीत त्याच्यापुढे 'प्लीज' लिहून मोकळे होतात. मीही तेच केलं, आणि ते मला महागात पडलं.

माझं स्टेशनरीचं दुकान. जपानमधल्या एका छोट्या पेन कारखान्याला मी ईमेल केला: 'सान्पुरु ओ ओकुत्ते कुदासाइ.' मला वाटलं, किती नम्र लिहिलंय! उत्तर नाही. आठवड्याने तेच वाक्य पुन्हा पाठवलं. तरी शांतता. शेवटी आमच्या जपानीच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अरे, ओळख ना पाळख, आणि तू त्यांना सरळ 'सॅम्पल पाठवा' म्हणून सांगतोयस!"

व्याकरण बरोबर होतं. पण 'कुदासाइ' आदराचं असलं तरी आज्ञार्थी आहे, आपल्या 'पाठवा', 'थांबा'सारखं. त्यात समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही.

म्हणून बोलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: फायदा कुणाचा?

१. फायदा समोरच्याचा, किंवा तुम्ही गिऱ्हाईक आहात: इथे 'कुदासाइ' चालतं. पाहुण्याला 'दोउझो, सुवात्ते कुदासाइ' (या, बसा). दुकानात 'कोरे ओ कुदासाइ' (हे द्या).

२. ठरलेली सेवा हवी आहे: 'ओनेगाइ शिमास'. टॅक्सीत बसलात की 'तोक्यो-एकि मादे ओनेगाइ शिमास', म्हणजे तोक्यो स्टेशनपर्यंत घ्या.

३. फायदा माझा, तसदी त्यांना: इथे प्रश्नच विचारायचा. क्रियापदाचं 'ते' रूप घ्या आणि पुढे 'इतादाकेमासेन का' जोडा. 'ओकुत्ते इतादाकेमासेन का?' याचा अर्थ मराठीत अगदी चपखल बसतो: 'पाठवून मिळेल का?'

सरावासाठी तीन 'ते' रूपं पाठ करा: ओशिएते (सांगून, शिकवून), मिसेते (दाखवून), काइते (लिहून). तिन्हींना एकच शेपूट लागतं.

वाक्याच्या सुरुवातीला 'सुमिमासेन गा' लावा, म्हणजे 'माफ करा, पण...'. एकदम कामावर यायचं नाही, आधी दार वाजवायचं.

आता महत्त्वाचं. प्रश्न विचारलात तर उत्तर ऐकायची तयारीही हवी. समोरचा माणूस 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडत असेल, तर 'चोत्तो'चा अर्थ 'थोडं' आहे म्हणून वाट बघत बसू नका. बहुतेक वेळा ते 'नाही जमणार' असतं. तिथे रेटा लावू नका.

मी तिसरा ईमेल पाठवला. आधी दुकानाची ओळख दिली, मग 'सुमिमासेन गा', शेवटी 'इतादाकेमासेन का'. या वेळी उत्तर आलं: फुकट सॅम्पल देत नाही, पैसे भरून दहा पेनं घेता येतील. मी घेतली. मोठी ऑर्डर झाली नाही, पण बोलणं सुरू झालं. धंद्यात तेच तर आधी लागतं.

गृहपाठ: 'किंमत सांगून मिळेल का?' हे जपानीत वहीत लिहा. किंमत म्हणजे 'नेदान'. मग व्हिडिओतल्या उच्चाराबरोबर पाच वेळा मोठ्याने म्हणा. 'शिमासु'तला शेवटचा 'उ' जवळजवळ गिळायचा, बरं का!

भेटूया पुढच्या धड्यात.